चूलबंद आवतन

गेली तीन वर्षं मी या ग्रुपवर आहे आणि इथे माझी ओळख काही फार चांगली नाही. कोणी लिहिलं की माळ्यावर पावलं वाजतात, तर खाली "उंदीर आहेत का बघा" अशी कमेंट करणारी ती मीच. एका ताईंना तर मी थेट थायरॉईड चेक करायला सांगितलं होतं... त्यांची आज माफी मागते. मी लॅब टेक्निशियन आहे, सावंगीला. दिवसभर लोकांचं रक्त काचेवर पसरून बघते. काचेवर दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही — एवढं सोपं माझं तत्त्वज्ञान. बाधा, चकवा, भानामती यातलं मी कधीच काही मानलं नाही, आणि आजही "मानते" असं म्हणायला जीभ रेटत नाही. फक्त घडलं तसं लिहिते. कारण सुचलं तर जरूर सांगा, उंदरांचं सोडून.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली. आमचं घर नालवाडीला. घरी आई, मंगेशदादा आणि मी. बाबा आता नाहीत. दादाचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं आणि आवतनं द्यायची राहिली होती.

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे पत्रिका व्हॉट्सॲपवर टाकून भागत नाही. घरी जाऊन हातावर अक्षता ठेवायच्या आणि तोंडाने जेवायला बोलवायचं, ते आवतन. घरातल्या एकालाच बोलावलं तर साधं आवतन. "चूलबंद" म्हटलं तर अख्खं घर जेवायला येणार, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही. माणसं तुमच्या भरवशावर उपाशी बसतात, म्हणून चूलबंद आवतन विचार करून द्यावं आणि दिलं की फिरवू नये. हे मी लहानपणापासून ऐकत होते. ऐकत होते म्हणजे, कानावर पडत होतं.

तर नेमकं तेव्हाच दादाला ऊन लागलं. नवरदेव भर दुपारी उघड्या डोक्याने मांडववाल्याकडे हिंडले आणि संध्याकाळी तापाने फणफणले. आर्वी रोडच्या गावांची आवतनं तशीच पडली. दादाने पडल्या पडल्या मित्राला फोन लावला. "भाऊ, उद्या गाडी काढ. प्राचीले घेऊन जाय अन् आर्वी रोडची आवतनं देऊन ये. तुह्याशिवाय कोण आहे मले?"

पलीकडचा भाऊ म्हणजे सुमेध.

इथे जरा थांबून सांगायला हवं. सुमेध आणि दादा शाळेपासूनचे दोस्त. आणि सुमेध आणि मी चार वर्षं... म्हणजे तेच. घरात कोणाला पत्ता नव्हता. आम्ही कुणबी, तो बौद्ध. दिवाळीला तो आमच्याकडे जेवायचा, आई त्याला आग्रह करकरून वाढायची. पण पोराला जेवू घालणं वेगळं आणि त्याला पोरगी देणं वेगळं, हे मला कोणी न सांगता कळत होतं. तो म्हणायचा, घरी सांग. मी म्हणायचे, पाहू. परीक्षा होऊ दे, पाहू. नोकरी लागू दे, पाहू. दादाचं जमू दे, पाहू. त्या मे महिन्याच्या आठ महिने आधी पवनारला नदीकाठी त्याने शेवटचं विचारलं आणि मी शेवटचं "पाहू" म्हटलं. तो भांडला नाही. मला बसमध्ये बसवून दिलं आणि त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. उशीत तोंड खुपसून खूप रडले, आणि सकाळी ड्यूटीवर वेळेत हजर झाले. भित्र्या माणसाचं असंच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमेध दारात. तीच पांढरी जुनी गाडी. आईने आम्हा दोघांच्या खिशात एकेक कांदा कोंबला, ऊन बाधू नये म्हणून. "पोरीकडे ध्यान ठेवजो, सुमेध," आई म्हणाली.

"हाव काकू," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मला हसूही आलं आणि रडूही.

आंजीपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. माझ्या मांडीवर अक्षतांचा स्टीलचा डबा, खिडक्या उघड्या आणि तोंडावर भट्टीचा वारा. शेवटी मला राहवेना.

"एसी काऊन बंद आहे?"

"बिघडला. आठ महिने झाले."

"मंग दुरुस्त नाई केला?"

"पाहू म्हटलं," तो म्हणाला.

असा टोमणा मारून माणूस सरळ रस्त्याकडे बघत राहिला. मी डब्याचं झाकण त्याच्या दंडावर आपटलं. मग दोघंही हसलो आणि गाडीतली हवा मोकळी झाली. आंजीला पाच घरी आवतनं दिली. प्रत्येक घरी चहा, आणि चहा झाला की पन्हं. रस्त्यात झाडाखाली गाडी लावून टरबूज खाल्लं. त्याने नेहमीसारखा मधला लाल भाग मला दिला आणि स्वतः कडेचा खाल्ला, आणि हे सगळं इतकं जुन्यासारखं होतं की मी मान खाली घालून बिया मोजत बसले.

हात धुताना तो म्हणाला, "जूनमध्ये हैदराबादले चाललो मी. जॉइनिंग आहे. आता तिकडेच."

माझ्याकडेही सांगण्यासारखं होतं. "दादाचं लगन झालं की पुढच्या रविवारी मले पाहाले येऊन राह्यले. हिंगणघाटचे."

"मंग? तू काय म्हणशीन?"

मला खरंच माहीत नव्हतं. नको म्हणायचं तर आईला कारण सांगावं लागणार, आणि कारण गाडीला टेकून रुमालाने हात पुसत होतं. सवयीने तोंडातून गेलं, "पाहू..."

त्याने रुमाल घडी केला, खिशात ठेवला आणि गाडी सुरू केली. मला वाटत होतं की याचा हात धरावा आणि सुटूच देऊ नये. पण माझ्या हातात डबा होता.

पुढचं घर रमेशकाकांचं. दादाने फोनवर सांगितलं होतं, खरांगण्याच्या अलीकडे डाव्या हाताला दुसरी पांदण. पांदण म्हणजे दोन शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. आम्ही पहिल्याच पांदणीत वळलो. आमची चूक एवढीच, पण कारण होतं. तिथे बाभळींच्या वर धूर दिसत होता. धूर म्हणजे चूल, चूल म्हणजे घर, एवढंच डोक्यात आलं. गाडीच्या घड्याळात बाराला पाच कमी होते.

विदर्भातली मे महिन्यातली दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना रात्रीची भीती वाटते. आम्हाला लहानपणी रात्रीपेक्षा दुपारचं बाहेर जाऊ देत नसत. दोन्हीकडे काळी रिकामी रानं, भेगा पडलेली. पायाखाली स्वतःची सावलीसुद्धा नाही. आणि आवाज नाही. नंतर आठवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की गाडी बंद केल्यावर एक पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं.

बाभळींच्या आड एकच घर होतं. पांढऱ्या मातीने पोतारलेल्या भिंती, शेणाने सारवलेलं अंगण, अंगणात चूल. चुलीपुढे एक म्हातारी भाकर थापत होती. लुगडं नऊवारी, हातात जाड गोठ, केस कापसासारखे.

"या व माय," ती मान वर न करता म्हणाली. "लय दिवसानं कोणी आलं."

"काका आहेत का घरी?" मी विचारलं.

"आहेत ना. सगळेच आहेत. जेवाच्या वक्ती येतात."

मग तिने सुमेधकडे पाहिलं. "तू कोणाचा रे बावा?"

असं विचारणारी माणसं पुढे काय करतात ते सुमेधला चांगलं माहीत आहे. त्याने आजोबांचं नाव, गाव, आडनाव, सगळं स्पष्ट सांगितलं आणि अंगणाच्या कडेलाच उभा राहिला. म्हातारी हसली.

"आता इथं कायची वेस अन् कायचं काय, बाप्पा. बस बाजेवर."

तो बाजेवर बसला. तिने गडव्याने रांजणातलं पाणी दिलं. इतकं गार पाणी मी त्यानंतर प्यायले नाही. पाणी पिऊन मी डबा उघडला, तिच्या तळहातावर पिवळ्या अक्षता ठेवल्या आणि म्हटलं, "आजी, आमच्या घरी लगन आहे. जेवाले याजा."

तिने एकदा मला पाहिलं, एकदा त्याला. "तुमचंच ना?"

यावर "नाही, माझ्या दादाचं" एवढंच म्हणायचं होतं. सुमेध खाली मातीकडे बघत होता. मी तेच म्हणणार, हे तो धरूनच चालला होता. पण ती बाई आम्हाला ओळखत नव्हती. ती आईला ओळखत नव्हती. ती कोणाला सांगायला जाणार नव्हती. चार वर्षं घशात अडकलेला शब्द आपसूक सुटला.

"हाव," मी म्हणाले. "आमचंच."

सुमेधने मान वर केली.

"साधं, का चूलबंद?" म्हातारीने विचारलं.

"चूलबंद," मी म्हणाले. एकदा धीर आला की माणसाला ताळतंत्र राहत नाही.

"कवा?"

"तारीख... पाहू. सांगतो."

"पाहू नाई म्हणत, माय." तिचा आवाज चढला नव्हता. "आवतन देऊन पाहू म्हणत नाई."

आणि तिने शेजारचा गडवा उचलला आणि पेटत्या चुलीत ओतला. चर्रर्र... राखेची वाफ उसळली, सुमेधच्या अंगावर, चष्म्यावर आली. तव्यावर भाकर अर्धी कच्ची होती.

"अवं आजी, आज नाई! लगन आज नाई ना!" मी ओरडलेच.

"चूलबंद म्हणली ना तू? केली बंद. आता तुमच्याच घरी जेवू." तिने अक्षतांची मूठ मिटली. "येतो आमी. सगळेच येतो. बोलवाले तेवढं येजा."

आम्ही निघालो. खरं सांगते, त्या वेळी मला भीती वाटली नाही. म्हातारी भ्रमिष्ट असेल असं वाटलं आणि पुढच्या क्षणी मी तिला विसरले, कारण पांदणीतून बाहेर येता येता सुमेधने गाडी थांबवली होती.

"तू म्हणली ते... मजाक होती?"

"नाई."

त्याने डबा माझ्या हातातून काढून मागच्या सीटवर ठेवला आणि माझा हात धरला. आम्ही कितीतरी वेळ तसेच बसलो. मी सुखी होते. इतकी की बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे हेही मला कळत नव्हतं.

एकच्या सुमाराला मावशीकडे पोचलो. मावशीचं गाव तिथून तीन किलोमीटर. तिने आमरस वाढता वाढता विचारलं, "रमेशभाऊकडे जाऊन आले?"

"काका नव्हते. आजी होती एक. गार पाणी पाजलं. तिनं तं आवतन देल्याबरोबर चूलच इझवली, मावशी!" मी हसत सांगितलं. लग्न कोणाचं म्हटलं, ते अर्थात गाळलं.

मावशीचा हात थांबला. "रमेशभाऊच्या घरी कुठली आजी? कोणत्या पांदणीनं गेलते तुमी?"

"पहिल्या."

"थे तं रिठी आहे."

रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव. सातबारावर गावाचं नाव असतं, शिवार असतं, माणूस नसतो. मावशीने तिच्या सासूकडून ऐकलेलं असं, की फार पूर्वी तिथे मरी आली आणि पंधरा दिवसांत गाव ओस पडलं. जे वाचले ते चुली तशाच टाकून दुसऱ्या गावी गेले. "तिकडे गुरंसुद्धा नाई नेत कोणी. भर दुपारी तं नाईच. अन् तुमाले पाणी पाजलं म्हणतं तू?"

सुमेधने ताटावरून हात काढला. "मावशी, आमच्या घरी देव-भूत दोन्ही चालत नाई," तो म्हणाला. मग मला हळूच म्हणाला, "चल. पाहून येऊ." तो चष्मा पुसत होता. चष्म्याच्या काचेवर राखेचे ठिपके होते. पुसले तर रुमालावर काळं लागलं.

तीन वाजता आम्ही त्याच पांदणीत शिरलो. आमच्या टायरच्या खुणा होत्या, बाभळी त्याच होत्या. घर नव्हतं. घर पडलेलंसुद्धा नव्हतं — नुसती दगडी जोती, ढोपराएवढी, त्यांच्यातून बोरी उगवलेल्या. बाज नाही, रांजण नाही, सारवलेलं अंगण नाही. आमच्या चपलांचे ठसे मात्र होते, दोन माणसांचे, जात-येत.

ठसे जिथे थांबले होते तिथे तीन काळे दगड होते. दगडांमध्ये राख. मी वाकून बोट घातलं. राख ओली होती.

माझ्या डोक्याने आपलं काम सुरू केलं. गुराख्याने चूल मांडली असेल. पण गुरं इथे येत नाहीत. बरं, कोणीतरी मांडली. पण त्या उन्हात ओतलेलं पाणी दहा मिनिटं टिकत नाही, आणि तीन तास झाले होते. मग मला दगडावर ठेवलेल्या अक्षता दिसल्या. मूठभर, ओल्या हळदीच्या, मी सकाळी स्वतः कालवलेल्या. सुमेध माझ्यामागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "प्राची, चूल अजून बंदच आहे." तेव्हा मात्र मी मागे न बघता गाडीकडे पळाले.

घरी कोणाला काही सांगितलं नाही. सुमेधचंही नाही; दादाचं लग्न आटोपू दे, मग पाहू, असं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातला गॅस दुपारी बारा वाजता विझायला लागला.

हसू नका. सकाळी नीट पेटायचा, संध्याकाळी नीट. पण बाराच्या ठोक्याला, कढईत काहीही असो, चर्रर्र आवाज व्हायचा — पेटत्या लाकडावर पाणी पडल्यासारखा — आणि दोन्ही बर्नर गप्प. एक-दीडपर्यंत लायटर ओढत बसा. सिलेंडर बदललं. नळी बदलली. मेकॅनिक आला, सकाळी दहाला सगळं तपासून "गॅस एक नंबर आहे" म्हणून गेला. मी स्वतः बर्नर हाताने चाचपला, कोरडा ठणठणीत होता. आई बिचारी लग्नघाईत सकाळीच स्वयंपाक उरकून घ्यायची आणि गॅसवाल्याला शिव्या द्यायची. मला मात्र तो आवाज ओळखू यायचा. तो झाला की मी देवघरासमोर जाऊन बसायचे, जिने उदबत्तीसुद्धा कधी लावली नव्हती.

दादाचं लग्न थाटात झालं. मी पंगतीत प्रत्येक म्हाताऱ्या बाईचं तोंड निरखून पाहत होते. ती आली नाही. का, ते मला घरी येऊन उमगलं. ती कशी येईल? तिला दादाच्या लग्नाचं आवतन नव्हतंच.

मग तो रविवार. हिंगणघाटचे पाहुणे दहाला येणार होते, आले पावणेबाराला. मी साडी नेसून स्वयंपाकघरात उभी. आई चहा ठेवत होती. आधण आलं, आईने साखर टाकली, आणि चर्रर्र. आईने लायटर ओढला. परत ओढला. बाहेर पाहुणे घड्याळ बघत होते, आणि आईच्या हातातला लायटर नुसता टिकटिक करत होता. मला त्या क्षणी एवढंच दिसत होतं की कुठेतरी काही माणसं जेवणाच्या वेळी ताटकळत बसली आहेत आणि मी साडी नेसून तिसऱ्याच घरी जायला उभी आहे.

"आई, नको ओढू," मी म्हणाले. "नाई पेटणार. मी आवतन देऊन बसली आहे." आणि सगळं सांगितलं. पांदण, म्हातारी, सुमेध, चार वर्षं. एका दमात, रडत.

मला वाटलं आई थोबाडीत मारेल. ती खाली पाटावर बसली. "चूलबंद म्हणली तू? तोंडानं?"

"हाव."

"अन् अक्षता देल्या?"

"देल्या. आई, मी सुमेधचं सांगून राह्यली तुले, अन् तू..."

"थे आयकलं मी. थे मंग पाहीन." आईचे डोळे भरले होते. "वीस दिवस होऊन राह्यले, पोरी. उपाशी ठेवलं तू त्यायले?"

ती उठली, पदर सारखा केला आणि बाहेर जाऊन पाहुण्यांपुढे हात जोडले. "माफी करा," आई म्हणाली, "आमच्या पोरीचं आवतन आधीच गेलं आहे. मले आत्ता कळलं."

पुढचं सोपं झालं असं समजू नका. "मीच बसवून देलं तुले त्याच्या गाडीत," एवढं बोलून दादाने जो अबोला धरला तो दोन महिने. सुमेधचा फोन त्याने उचलला नाही. नातेवाईक काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. रात्री आई एकटीच रडायची, ते मला भिंतीतून ऐकू यायचं. पण आईचं एकच म्हणणं होतं, जात मेल्यावर कोणी पाहिली, भूक मात्र मेल्यावरही राहते म्हणतात. आणि आवतन फिरवून या घरातून कोणी गेलेलं नाही. त्या दोन महिन्यांत ती दुपारची जेवली नाही. "थे बसून असतीन अन् आपण गिळावं?" म्हणायची.

ऑगस्टमध्ये सुमेध हैदराबादहून सुट्टी घेऊन आला. सकाळी रजिस्टर लग्न झालं, नंतर बुद्धवंदना झाली, आणि बाराला आमच्या घरापुढच्या मांडवात जेवण होतं. दादा पाहुण्यासारखा कडेला उभा होता. साडेदहाला आई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. आवतन दिलेल्यांना ऐन जेवणाच्या वेळी पुन्हा बोलावणं जावं लागतं, तशी रीत आहे. म्हातारी म्हणाली होती ना, "बोलवाले येजा."

"हे भावाचं काम आहे," आई म्हणाली. दादाने शर्टाच्या बाह्या वर सारल्या. मग त्याने सुमेधकडे हात केला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलला, "चाबी दे बे."

बारा वाजून गेल्यावर गाडी आली. ती वळणावरून येताना मी पाहिली. मागची चाकं दबलेली होती, धान्याची पोती भरल्यासारखी. आत दादा एकटा. तो उतरला. उतरून त्याने मागचं दार उघडलं आणि दार धरून उभा राहिला. उभाच राहिला, म्हाताऱ्या माणसांना सावकाश उतरू द्यावं तसा. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेही दार उघडलं. गाडी हळूहळू वर उठली. ते मी पाहिलं, सुमेधने पाहिलं, आचाऱ्यानेही पाहिलं आणि तो कढईकडे तोंड करून उभा राहिला.

"दगडापुढे म्हटलं, चला, पान वाढलं," दादा नंतर मला म्हणाला. "लाज वाटत होती मले. येताना गाडी उठेच ना. चौथा गिअर टाकलाच नाई मी. आरशात पाह्यची हिंमत नाई झाली."

मांडवात आईने एक अख्खी पंगत रिकामी ठेवली होती. पत्रावळी मांडल्या, वरण-भात, वांग्याची भाजी, पोळी, बुंदी, सगळं वाढलं. पाहुण्यांना "नंतर बसा" म्हणून थोपवलं. आई वाकून वाकून आग्रह करत होती, "घ्या ना, लाजू नका." अर्ध्या तासाने मी ती पानं नीट तपासली. माझा धंदाच तो. एक शीतही हललेलं नव्हतं. कोणी काही खाल्लं होतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

पण आई आत गेली आणि लायटर ओढला. एक वाजायला दहा कमी होते. गॅस पेटला, निळा, सरळ, आणि तसाच राहिला. आई ओट्याला धरून रडली. बाहेर दादाने सुमेधच्या पानात बुंदी वाढली. "जेव आता, सकाळपासून उपाशी असशीन," म्हणाला.

हा सगळा प्रकार. मी पुष्कळ विचार केला आहे. ऊन डोक्यात गेलं म्हणावं तर दोघांना एकच घर कसं दिसलं? मनाचे खेळ म्हणावे तर बर्नरला मन नसतं. मी सुमेधशी लग्न प्रेमाने केलं, की घाबरून, की कोणाची भूक राहू नये म्हणून, हेही मला सरळ सांगता येत नाही. प्रेम तर चार वर्षं होतंच, पण ते मी एकाही जिवंत माणसाला सांगू शकले नव्हते. पहिल्यांदा सांगितलं ते तिला. आता कमेंटमध्ये उंदीर लिहिलेत तरी मी भांडणार नाही.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं मावशीकडे निघालो होतो. आंजी मागे टाकली आणि खरांगण्याच्या अलीकडे सुमेधने गाडी हळू केली. डाव्या हाताला बाभळींच्या वर धूर होता. बारीक, सरळ, नुकती चूल पेटवल्यावर निघतो तसा. गाडीच्या घड्याळात बारा वाजत आले होते.

"उतरायचं?" त्याने विचारलं.

"नको," मी म्हणाले. "जेवाच्या वक्ती कोणाच्या घरी बिनआवतनाचं जाऊ नये."